२४ जूनच्या आत: आमच्या मच्छीमार सोसायटीचे ब्राउझर टीएलएस १.२ साठी तयार करताना

सोमवार, दि. ७ मे २०१८ रोजी आमच्या बँकेचे एक पानी परिपत्रक सोसायटीच्या टपालात आले. २४ जूनच्या मध्यरात्रीपासून बँकेची इंटरनेट सेवा टीएलएस या इंटरनेटवरचा मजकूर गुप्त ठेवण्याच्या पद्धतीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्यांवर चालणार नाही, तरी ग्राहकांनी आपले ब्राउझर टीएलएस १.२ ला अनुकूल असल्याची खातरजमा करून घ्यावी, असे त्यात म्हटले होते. ही खातरजमा नेमकी कशी करायची, याविषयी त्यात एकही ओळ नव्हती. दापोली तालुक्यातील किनाऱ्यावरच्या आमच्या मच्छीमार सोसायटीचे हिशेब मी अकरा वर्षे पाहतो. डिझेलचे पैसे, बर्फाचे पैसे, सभासदांना मिळणारा डिझेलवरील कराचा परतावा हे सगळे व्यवहार आता नेटबँकिंगनेच होतात, त्यामुळे ते पान हातात घेऊन मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. पुढचे सात आठवडे या एकाच कामात गेले. अशी पत्रे अनेक लहान संस्थांच्या टेबलांवर येऊन पडली असणार, म्हणून जे केले ते घडले त्या क्रमाने लिहून ठेवत आहे.

दि. ९ मे रोजी शाखेत फोन केला, तेव्हा ‘ब्राउझर अपडेट करून घ्या’ एवढेच उत्तर मिळाले. मे महिना आमच्याकडे सर्वांत धावपळीचा असतो. १ जूनला मासेमारीची बंदी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक बोट शक्य तितक्या फेऱ्या मारत असते आणि संध्याकाळच्या लिलावानंतर पैशांचे वाटप रात्रीपर्यंत चालते. तरीही त्या आठवड्यात रोज रात्री थोडे थोडे वाचून मी विषय समजून घेतला, आणि तो समजल्यावरच भीती कमी झाली.

जे समजले ते माझ्या शब्दांत असे आहे. गुरांच्या बाजारात व्यापारी आणि विकणारा उपरण्याखाली हात घालून बोटे दाबून भाव ठरवतात. भोवती माणसांची गर्दी असते, पण सौदा दोघांपुरताच राहतो. त्यासाठी बोटांची खूण दोघांना एकच माहीत असावी लागते, आणि ती भोवतालच्यांना उमगलेली नसावी लागते. ब्राउझर आणि बँकेचा सर्व्हर यांच्यात पान उघडण्यापूर्वी असेच बोलणे होते. आपल्याला टीएलएसची कोणती आवृत्ती येते ते ब्राउझर आधी सांगतो, सर्व्हर त्यातली एक निवडतो आणि मग पुढचा सगळा मजकूर त्या खुणेने झाकला जातो. टीएलएस १.० ही खूण १९९९ सालची, १.१ ही २००६ ची आणि १.२ ही २००८ ची आहे. १.० मधील उणीव वापरून मजकूर उकलता येतो, हे २०११ मध्ये ‘बीस्ट’ नावाच्या हल्ल्याने दाखवून दिले होते. तिच्याही आधीच्या एसएसएल ३.० या खुणेचा विश्वास २०१४ मध्ये ‘पूडल’ नावाच्या हल्ल्याने संपवला. त्यामुळे कार्डाने होणाऱ्या व्यवहारांचे सुरक्षानियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने एसएसएल आणि सुरुवातीचे टीएलएस सोडण्यासाठी ३० जून २०१६ ही मुदत ठेवली आणि पुढे ती दोन वर्षांनी वाढवून ३० जून २०१८ केली. आमच्या बँकेची तारीख या मुदतीच्या सहा दिवस अलीकडे का आली, हे तेव्हा उलगडले. आधी मला वाटले होते की बँकेला विनंती करून मुदत वाढवून घ्यावी. हे वाचल्यावर तो विचार मी सोडून दिला, कारण गर्दीला कळलेल्या खुणेवर सभासदांचे पैसे फिरवत राहणे मला योग्य वाटेना.

यातली एक बाब आधीच माहीत असणे फार उपयोगाचे ठरते. दोघांना समान खूण सापडली नाही, तर पान दिसण्याच्या आधीच जोडणी तुटते, आणि म्हणून बँकेला ग्राहकाच्या पडद्यावर काही समजावून सांगण्याची संधीच मिळत नाही. ग्राहकाला फक्त ‘हे पान दाखवता येत नाही’ अशा अर्थाचा मजकूर दिसतो. समोरच्या माणसाला वाटते की नेट गेले, आणि आमच्याकडे नेट जातेही वारंवार.

दि. १९ मे रोजी मी वहीत यादी केली. सोसायटीकडे तीन यंत्रे होती: डिझेलच्या नोंदींसाठीचा विंडोज एक्सपीचा जुना संगणक, रोजच्या हिशेबाचा विंडोज ७ चा संगणक आणि डिजिटल स्वाक्षरीच्या कामासाठी राखून ठेवलेला, विंडोज ७ चाच एक लॅपटॉप. प्रत्येकापुढे ब्राउझरचे नाव, त्याची आवृत्ती आणि त्यावर कोणती संकेतस्थळे उघडली जातात हे लिहिले. मग क्वालिस एसएसएल लॅब्स या संकेतस्थळावरील ब्राउझर तपासण्याचे पान प्रत्येक यंत्रावर उघडून पाहिले. आपला ब्राउझर टीएलएसच्या कोणत्या आवृत्त्या जाणतो, हे ते पान विनाशुल्क आणि नोंदणीशिवाय सांगते. विंडोज ७ च्या संगणकावर ‘टीएलएस १.२: नाही’ अशी ओळ दिसली आणि एक्सपीवर तर ते पानच उघडले नाही. ही यादी करायला दीड तास लागला, पण पुढे ज्या ज्या वेळी गोंधळ झाला त्या त्या वेळी मी तिच्याकडेच परत आलो.

१ जूनला बंदी लागली, बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या गेल्या आणि कचेरीत निवांतपणा आला. दि. २ जून, शनिवारी एक्सपीचा संगणक हाती घेतला. एक्सपीतील इंटरनेट एक्स्प्लोरर विंडोजच्या स्वतःच्या यंत्रणेवर चालतो आणि ती यंत्रणा टीएलएस १.० च्या पुढे जात नाही, त्यामुळे त्याच्या सेटिंगमध्ये शोधाशोध करण्यात अर्थ नव्हता. फायरफॉक्स मात्र मजकूर झाकण्याची (एन्क्रिप्शनची) यंत्रणा स्वतःबरोबर आणतो आणि त्याच्या ५२ ईएसआर या, जास्त काळ दुरुस्त्या मिळणाऱ्या, मालिकेपर्यंत तो एक्सपीवर चालतो. ती आवृत्ती पेनड्राइव्हवरून घातली आणि बँकेचे पान उघडले, तर संकेतस्थळाची ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र विश्वासार्ह नसल्याचा इशारा आला. दुसरे संकेतस्थळ उघडले, तिसरे उघडले, सगळीकडे तोच इशारा. दोन दिवस मी प्रमाणपत्रांविषयी वाचत राहिलो आणि कंटाळून इशारा ओलांडण्याचे बटण दाबावे असेही एकदा मनात आले. बँकेच्या पानावर ते बटण कधीही दाबू नये, कारण आपण खरोखर बँकेशीच बोलत आहोत की मधल्या कुणाशी, हे सांगणारी प्रमाणपत्र हीच एक खूण असते.

कारण सापडले ते दि. ४ जूनच्या वीज खंडित होण्यामुळे. वीज परत आल्यावर संगणक सुरू केला आणि कोपऱ्यात तारीख दिसली १ जानेवारी २००३. आतला बटणासारखा सेल संपला होता, त्यामुळे वीज गेली की घड्याळ मागे जात होते. डिझेलच्या नोंदीत आम्ही तारीख हाताने लिहीत असल्याने हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. प्रत्येक प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि अखेरची तारीख असते, आणि २००३ मध्ये बसलेल्या संगणकाला २०१८ चे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसते. दुसऱ्या दिवशी एसटीने दापोलीला जाऊन सीआर २०३२ हा सेल ४० रुपयांना आणला आणि तारीख दुरुस्त केली, तेव्हा बँकेचे पान उघडले. तुमच्याकडे प्रमाणपत्राची तक्रार सगळ्याच संकेतस्थळांवर येत असेल, तर सर्वप्रथम संगणकाची तारीख, वर्ष आणि वेळ पाहावी.

पान उघडले तरी मी समितीला सांगितले की या संगणकावर बँकेचे काम ठेवू नये. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्येच सोडले होते आणि फायरफॉक्सची ती मालिकाही संपत आली होती. अध्यक्षकाकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग भाऊ, डिझेलच्या नोंदी?” नोंदींना नेट लागतच नव्हते. आम्ही त्या संगणकाची नेटची तार काढून टाकली. नवा संगणक घेण्याचा खर्च त्यामुळे या वर्षापुरता तरी टळला.

विंडोज ७ चे काम सोपे असेल असे मला वाटले होते. त्यावर इंटरनेट एक्स्प्लोरर ८ होता. त्याला टीएलएस १.२ येते, पण ते मुळात बंद ठेवलेले असते. टूल्स, इंटरनेट ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड असे जाऊन यादीच्या तळाशी सिक्युरिटी या भागात ‘यूज टीएलएस १.२’ समोर खूण करायची, आणि तेथेच ‘एसएसएल २.०’ व ‘एसएसएल ३.०’ समोरच्या खुणा काढायच्या. हे पाच मिनिटांत झाले. परंतु जानेवारी २०१६ पासून मायक्रोसॉफ्ट प्रत्येक विंडोजवर चालणाऱ्या शेवटच्या इंटरनेट एक्स्प्लोररलाच सुरक्षेच्या दुरुस्त्या देत होती, म्हणजे विंडोज ७ वर फक्त ११ ला. इंटरनेट एक्स्प्लोरर ११ घालायला विंडोजचा सर्व्हिस पॅक १, म्हणजे दुरुस्त्यांचा एकत्रित संच, लागतो, आणि तो आमच्याकडे नव्हता. त्याची ३२ बिटची पूर्ण फाइल ५३७ एमबीची आहे. आमच्या ब्रॉडबँडवर ती दोनदा अर्ध्यावर तुटली, तिसऱ्यांदा वीज गेली, आणि अखेर दापोलीत कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याने ती उतरवून पेनड्राइव्हवर आणून दिली. दि. ११ जूनला बाहेर पावसाने जोर धरलेला असताना ती घालायला तास-दीड तास लागला. त्याआधी सगळे हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले होते. ही काळजी घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. लॅपटॉपवर सर्व्हिस पॅक आधीपासून होता.

त्यानंतर क्रोमही घातला आणि बँकेचे काम क्रोमवर करायचे ठरवले. तरी चाचणीचे पान अजून टीएलएस १.० च दाखवत होते. ब्राउझर नवा, विंडोज दुरुस्त, आणि निकाल जुनाच. या वेळी पत्त्याच्या पट्टीतील कुलपाच्या चिन्हावर जाऊन प्रमाणपत्र कुणी दिले आहे ते पाहिले, तर तेथे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेऐवजी आमच्याच अँटिव्हायरसचे नाव होते. कित्येक अँटिव्हायरस सुरक्षित पानांचा मजकूर तपासण्यासाठी ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मध्ये उभे राहतात. आमचा अँटिव्हायरस तीन वर्षांपूर्वीचा होता आणि बाहेरच्या जगाशी बोलताना स्वतःची जुनी खूण वापरत होता. तंत्रज्ञाला बोलावले, त्याने ३०० रुपये घेऊन त्याची नवी आवृत्ती घातली आणि सुरक्षित पाने तपासण्याचा पर्याय बंद केला. चाचणीच्या पानावर त्यानंतर ‘टीएलएस १.२: होय’ दिसले. दि. १४ जूनच्या त्या दुपारी मला जो हलकेपणा वाटला तो शब्दांत सांगणे कठीण आहे.

तो फार टिकला नाही. दि. १८ रोजी हिशेबाच्या सॉफ्टवेअरने परवाना तपासताना ‘जोडणी होत नाही’ असे सांगितले, आणि २० तारखेला जीएसटीचे विवरणपत्र भरायचे होते. ब्राउझरमध्ये सगळी पाने नीट उघडत होती. विक्रेत्याच्या मदतकेंद्राला चार वेळा फोन केल्यावर एका मुलीने नीट समजावून सांगितले: सॉफ्टवेअर ब्राउझरमधून जात नाही, ते विंडोजच्या जोडणी यंत्रणेवर विसंबते, आणि विंडोज ७ मध्ये त्या यंत्रणेला टीएलएस १.२ आपोआप वापरायला लावण्यासाठी मायक्रोसॉफ्टची केबी ३१४०२४५ ही दुरुस्ती घालून रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग साठवणाऱ्या यादीत) एक नोंद करावी लागते. सर्व्हिस पॅक १ नसता तर ही दुरुस्ती बसलीच नसती. दि. १९ च्या रात्री ती बसली आणि विवरणपत्र वेळेत गेले. सॉफ्टवेअर आणि ब्राउझर यांची चाचणी वेगवेगळी करावी लागते, हे मला आधी कुणी सांगितले असते तर त्या दोन रात्री वाचल्या असत्या.

या सगळ्यात सभासदांच्या फोनचा विचार मागे पडला होता. आता बहुतेकजण फोनवरूनच खाते पाहतात, आणि बंदीच्या काळात ते सगळे जाळी शिवायला शेडमध्ये एकत्र बसलेले असतात. दि. १६ ते २२ जून रोज सकाळी दोन तास मी तेथे जाऊन एकेकाचा फोन पाहिला. अँड्रॉइड ५.० आणि त्यापुढच्या फोनना काही करावे लागले नाही. ४.४ आणि त्याखालच्या १८ फोनमध्ये मूळचा ‘इंटरनेट’ नावाचा ब्राउझर होता. या फोनना टीएलएस १.२ मुळात सुरू करून दिलेले नसते. क्रोम मात्र स्वतःची यंत्रणा आणतो आणि २०१८ मध्ये तो अँड्रॉइड ४.१ पासून चालत होता, त्यामुळे १८ पैकी १६ जणांना क्रोम घालून देऊन बँकेच्या पानाचा शॉर्टकट पडद्यावर ठेवला. उरलेले दोन फोन ४.० च्याही आधीचे होते. त्या दोघांना शाखेत जाऊन व्यवहार करावे लागतील, हे स्पष्ट सांगितले. ‘होईल काहीतरी’ असे सांगून त्यांना ऐन वेळी अडकवणे मला पटले नाही.

सर्वांत जास्त वेळ लिलावात मासळी घेणाऱ्या एका मावशींच्या फोनला लागला. फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून क्रोम बसत नव्हता. त्यात होते काय, तर दीड वर्षाच्या लिलावाच्या चिठ्ठ्यांचे फोटो, प्रत्येक दिवसाचे, तारखेप्रमाणे. “भाऊ, फोटो पुसू नका, तोच माझा हिशेब आहे. आणि नवा मोबाइल घ्या म्हणून सांगू नका,” असे त्यांनी आधीच बजावले. २५० रुपयांचे मेमरी कार्ड आणून सगळे फोटो त्यावर हलवले, मोजून पाहिले, दोन-चार उघडून दाखवले आणि मगच मूळचे पुसले. अकरा वर्षे मी त्यांना पैसे देत आलो, पण त्या इतका चोख हिशेब ठेवतात हे मला त्या दिवशी कळले.

याच आठवड्यात दोन सभासदांना ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, येथे दाबा’ असे संदेश आले आणि एकाला फोन करून ओटीपी मागण्यात आला. बँकेच्या पत्रामुळे लोकांच्या मनात शंका होतीच, आणि तिचा फायदा घेणारेही तयार होते. त्यामुळे शेडच्या खांबावर मी हाताने लिहून लावले: ब्राउझर फक्त प्ले स्टोअरवरून किंवा बनवणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा, आणि ब्राउझर बदलण्यासाठी ओटीपी कधीच लागत नाही.

दि. २५ जून, सोमवारी सकाळी साडेनऊला मी क्रोममधून बँकेचे पान उघडले. ते उघडले. पहिले हस्तांतर बर्फाच्या कारखान्याचे केले. त्या दिवशी सभासदांचे सात फोन आले. त्यांतले सहा जण सवयीने जुन्या ब्राउझरच्या चिन्हावर बोट ठेवत होते, आणि सातव्याचे नेटच बंद होते.

एकूण खर्च असा झाला: सेल ४० रुपये, तंत्रज्ञ ३०० रुपये, मेमरी कार्ड २५० रुपये, दापोलीच्या एसटीच्या फेऱ्या १८० रुपये. अँटिव्हायरसच्या नूतनीकरणाचे पैसे वर्षाच्या खर्चातले होते, ते यात धरलेले नाहीत.

लॅपटॉपचे काम मात्र अर्धेच झाले आहे. ज्या सरकारी पोर्टलवर आम्ही योजनांचे अर्ज डिजिटल स्वाक्षरीने भरतो, ते जावाच्या जुन्या पद्धतीच्या ॲपलेटवर, म्हणजे ब्राउझरच्या आत प्लगइन या जोडभागाने चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर, चालते. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये अशा प्लगइनना आधार देणे थांबवले. फायरफॉक्सच्या ५२ ईएसआरमध्ये, तेही ३२ बिटच्या आवृत्तीत, ते तेव्हा अजून चालत होते. पोर्टलनेही ३० जूनपासून टीएलएस १.२ सक्तीचे केले. आमच्या जावा ७ मध्ये ते मुळात बंद असते, म्हणून जावा ८ घातले, आणि त्याने ॲपलेटच अडवल्यावर जावाच्या कंट्रोल पॅनलमधील अपवादांच्या यादीत पोर्टलचा पत्ता लिहिला. आता स्वाक्षरी होते. पण फायरफॉक्सच्या त्या मालिकेतील शेवटची आवृत्ती, ५२.९, जूनअखेर येऊन गेली आणि यापुढे तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या येणार नाहीत. म्हणून त्या लॅपटॉपवर त्या एका पोर्टलखेरीज दुसरे काहीही उघडायचे नाही, असा ठराव समितीने केला आहे, आणि तसा कागद झाकणावर चिकटवला आहे. ॲपलेटशिवाय स्वाक्षरीची सोय द्यावी, असे पत्र दि. ९ जुलै रोजी मी संबंधित कार्यालयाला रजिस्टर्ड टपालाने पाठवले. पोचपावती १६ तारखेला परत आली, उत्तर अजून आलेले नाही. ऑगस्टच्या समितीच्या बैठकीत स्मरणपत्राचा मसुदा ठेवणार आहे. इतर संस्थांच्या सचिवांना तो हवा असल्यास त्यांनी कळवावे. एकाच विषयावर अनेक संस्थांची पत्रे गेली तर उपयोग होईल असे वाटते.